मोफत कॅन्सर तपासणी: नोंदणीच्या टेबलावर विचारले जाणारे प्रश्न

शिबिर असलं की मी नोंदणीच्या टेबलावर बसते. नाव, वय, मोबाईल नंबर लिहून होईपर्यंत समोरची बाई तीन प्रश्न विचारून मोकळी होते. खरा प्रश्न चौथा. तो मी पेन खाली ठेवल्यावर, मागे कोण उभं आहे ते बघून, हळू आवाजात येतो. तसे सगळे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या सरकारी व्यवस्थेला धरून आहेत. मी डॉक्टर नाही, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

मला काहीच त्रास नाही. मग तपासून घ्यायचं कशाला?

त्रास नाही म्हणूनच. आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द वापरतो आणि घोटाळा तिथेच होतो. ताप आला म्हणून रक्त देतो ती तपासणी, आणि धडधाकट माणसाला बोलावून बघतात तीही तपासणीच. शिबिरातली ही दुसरी. छातीत गाठ लागतेय, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून लाल जातंय, तोंडातली जखम दोन आठवडे झाले तरी भरत नाही, असं काही असेल तर शिबिराच्या तारखेची वाट बघू नका. उद्या सकाळी थेट ओपीडीला जा.

सुरुवातीचा कॅन्सर बहुतेक वेळा दुखत नाही, हीच त्याची खोड. दुखरी गाठ घेऊन बाई दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येते. न दुखणारी गाठ मात्र "दुखत तर नाही, मग साधीच असेल" म्हणून वर्षभर पदराआड राहते. दाखवायच्या दोन्ही, पण न दुखणारीला जास्त घाबरा.

पिशवीच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर तर फारच सावकाश होतो. तो ज्या एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो, त्याची लागण झाल्यापासून कॅन्सर होईपर्यंत बहुतेकींमध्ये पंधरा-वीस वर्षं जातात. तेवढ्या काळात कधीतरी पाच मिनिटं बघितलं, तर तो कॅन्सर व्हायच्या आधीच सापडतो. उपचारही मग बहुतेकदा त्याच दिवशी घरी सोडतील इतका छोटा असतो.

कोणकोणते कॅन्सर तपासतात?

तीन: तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा. वय ३० आणि त्यापुढे, साधारण दर ५ वर्षांनी. त्याच फेरीत बीपी आणि शुगरही बघतात.

तीनच का, असं विचारणारे बहुतेक पुरुष असतात, आणि प्रश्न रास्त आहे. एक तर भारतात दर वर्षी कॅन्सरचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण सापडतात, असा २०२२ सालचा अंदाज आहे. त्यातले जवळपास एक तृतीयांश या तीन कॅन्सरचे. दुसरं म्हणजे हे तिन्ही डोळ्यांनी आणि बोटांनी शोधता येतात. मोठं यंत्र लागत नाही, उपकेंद्रातही हे काम होऊ शकतं. फुप्फुस, स्वादुपिंड, मेंदू यांच्या कॅन्सरसाठी सगळ्या गावाला बसवून बघावं अशी स्वस्त आणि भरवशाची तपासणी नाही.

कुठे जायचं? कागद काय लागतात? पैसे?

गावात उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र. आता बाहेर 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशी पाटी दिसेल, इमारत बहुधा तीच जुनी. त्यावर ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि शेवटी सिव्हिल. शहरात महापालिकेचे दवाखाने आणि प्रसूतिगृहं. कुठल्या वारी काय असतं ते प्रत्येक ठिकाणी वेगळं, म्हणून आधी आशाताईंना किंवा सिस्टरना विचारून घ्या. चौकशीसाठी १०४ हा आरोग्य विभागाचा नंबर आहे.

तपासणी मोफत आहे. आधार कार्ड आणि मोबाईल घेऊन या म्हणजे नोंद पटकन होते. मोबाईल नंबर तुमचा स्वतःचा किंवा फोन हमखास उचलणाऱ्या माणसाचा द्या. मुलाचा नंबर देतात, मुलगा पुण्याला कंपनीत, अनोळखी नंबर उचलत नाही, आणि रिपोर्टचा निरोप हवेत राहतो. हे आठवड्यातून एकदा तरी घडतं.

आशाताई घरी येऊन कमरेचं माप का घेतात? आणि तंबाखूचं का विचारतात?

त्यांच्याकडे एक फॉर्म असतो. पहिल्या भागात वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, कामाची हालचाल आणि घरात कोणाला बीपी-शुगर आहे का, एवढं विचारून गुण देतात. गुण ४ च्या वर गेले तर तुमचं नाव आधी घ्यायचं. पण गुण कमी आले म्हणून तपासणीतून सुटका नाही. तीस ओलांडलेल्या प्रत्येकाला बोलावायचंच असतं.

महत्त्वाचा दुसरा भाग. तोंड पूर्ण उघडतं का, आवाज बदललाय का, स्तनात गाठ किंवा बोंडातून रक्तासारखं पाणी येतं का, संबंधानंतर रक्त जातं का. हे प्रश्न उंबऱ्यावर, सासू शेजारी बसलेली असताना विचारले गेले की सगळ्यांचं उत्तर "नाही" येतं. मी आशाताईंना दोष देत नाही, एका दिवसात किती घरं करायची त्यांनी? तुम्हीच त्यांना म्हणा, "ताई, जरा मागच्या दारी या."

पिशवीच्या तोंडाची तपासणी म्हणजे नेमकं काय करतात? दुखतं का?

बाया सगळ्यात जास्त घाबरतात ते यालाच, म्हणून सविस्तर सांगते.

आधी लघवीला जाऊन यायचं. पडद्याआड टेबलावर पाय दुमडून झोपायचं, साडी असेल तर ती सोडायलाही लागत नाही, वर घेतली की झालं. सिस्टर योनिमार्गात बदकाच्या चोचीसारखं एक साधन घालतात आणि ते थोडं उघडतात. त्याने ताण जाणवतो, गार लागतं, आणि अंग आखडून धरलं तर दुखतं. तोंडाने लांब श्वास सोडत राहिलं की सोपं जातं. मग कापसाच्या बोळ्याने पिशवीच्या तोंडाला ३ ते ५ टक्क्यांचं ॲसेटिक ॲसिड लावतात. नाव ऐकून घाबरू नका, चायनीजच्या गाडीवर व्हिनेगर असतं तेच हे. क्षणभर चुरचुरतं. वासही तोच, त्यामुळे आमच्या शिबिराच्या खोलीला दुपारपर्यंत लोणच्याच्या बरणीसारखा वास येतो.

आता घड्याळ लावून एक मिनिट थांबायचं. निरोगी भाग गुलाबीच राहतो. जिथे पेशी बिघडायला लागल्या आहेत, तिथे दाट पांढरा डाग उमटतो. दिव्याच्या उजेडात तो डोळ्यांना दिसतो. झाली तपासणी. या पद्धतीला व्हीआयए म्हणतात. निकाल तिथल्या तिथे मिळतो, आणि गावासाठी तिची खरी किंमत यातच आहे. स्लाइड शहरात पाठवा, पंधरा दिवसांनी या, असली भानगड नाही.

पांढरा डाग म्हणजे कॅन्सर नव्हे. साध्या जंतुसंसर्गानेही डाग दिसू शकतो. म्हणून पुढे दुर्बिणीतून बघतात आणि गरज वाटली तर तुकडा काढतात. बिघाड कॅन्सरच्या आधीच्या पायरीवर असेल, तर तेवढाच भाग उष्णतेने किंवा अतिथंड वायूने जाळून टाकतात. पिशवी जागेवर राहते.

तपासायला पुरुष असेल तर?

हे काम बहुतेक ठिकाणी सिस्टर किंवा स्त्री डॉक्टर करतात. पुरुष डॉक्टर असतील तर सोबत बाई कर्मचारी हवीच. "मला बाईच हवी" असं म्हणायला लाजू नका. फार तर दुसरी तारीख मिळेल.

पाळी चालू आहे, दिवस गेलेत, तांबी बसवलीय. चालतं का?

पाळी संपल्यावर या. गरोदरपणात ही तपासणी पुढे ढकलतात, पण नाव नोंदवून ठेवा. तांबी असली तरी चालतं. पाळी जाऊन बरीच वर्षं झाली असतील तर व्हिनेगरची तपासणी तितकी नीट होत नाही, कारण बघायचा भाग आत सरकलेला असतो. अशा वेळी डॉक्टर पॅप (पिशवीच्या तोंडाच्या पेशी घेऊन स्लाइडवर बघतात ती) किंवा एचपीव्ही (त्या विषाणूची) चाचणी सुचवतात. एचआयव्हीसह जगणाऱ्या महिलांनी ३० पर्यंत थांबायचं नाही. जागतिक आरोग्य संघटना त्यांच्यासाठी २५ पासून आणि दर तीन ते पाच वर्षांनी तपासणी सांगते.

त्यापेक्षा पिशवीच काढून टाकली तर? पुढची चिंताच नको.

हा प्रश्न ऐकला की मला राग येतो. विचारणारीचा नाही, तिच्या डोक्यात तो भरवणाऱ्याचा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं प्रकरण २०१९ साली गाजलं. सर्वेक्षणात ८२ हजारांहून अधिक महिलांना विचारलं, त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येकींचं वय चाळिशीच्या आत. अंगावरून पांढरं जातंय, पोट दुखतंय, म्हणून गेलेल्या बाईला "नाही काढलीस तर कॅन्सर होईल" सांगितलं की ती उसनवारी करून ऑपरेशनला तयार होते. खाडे करून पाळी सांभाळण्यापेक्षा ते बरं, असं तिलाही वाटतं.

अंगावरून पांढरं जाण्याची बहुतेक कारणं गोळ्यांनी बरी होतात. वासाचं, रक्तमिश्रित किंवा खूप दिवस जात असेल तर तपासा. तपासल्याशिवाय केवळ कॅन्सरच्या भीतीने पिशवी काढायला कोणी सांगितलं, तर सिव्हिलला जाऊन दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सही करू नका. आणि आधीच काढली असेल, तर ती का काढली आणि तोंड ठेवलंय का, हे डिस्चार्ज कार्डवर बघून घ्या. तोंड ठेवलं असेल तर तपासणी सुटत नाही.

स्तनांची तपासणी मशीनवर करतात का?

सरकारी कार्यक्रमात पहिली तपासणी हाताने होते. प्रशिक्षित सिस्टर मधल्या तीन बोटांच्या पेरांनी गोल गोल फिरवत दोन्ही बाजू आणि काखा बघतात. दोन बोटं टेकवून अर्ध्या मिनिटात "ठीक आहे" म्हणाल्या, तर ती तपासणी झाली नाही असं खुशाल समजा आणि परत करायला सांगा. संशय आला तर पुढे सोनोग्राफी, मॅमोग्राफी, मग सुईची किंवा तुकड्याची तपासणी. गोव्यात २०२१ पासून 'स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा' या उपक्रमात हातात धरायच्या छोट्या यंत्रानेही स्तन तपासतात.

नुसत्या हाताने कळतं का? मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने १९९८ पासून हे पडताळून पाहिलं. दीड लाखावर महिला, तपासणाऱ्या दहावी शिकलेल्या आणि काही आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका. वीस वर्षांचा हिशेब २०२१ साली प्रसिद्ध झाला. ज्या गटाची तपासणी झाली तिथे स्तनाचा कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशी ओलांडलेल्या महिलांमध्ये त्याने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या महिलांमध्ये मात्र मृत्यूंत फरक पडला नाही. ही दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तपासणी म्हणजे ताईत होतो.

घरी दर महिन्याला आरशासमोर स्वतः तपासावं का? चीनमध्ये शांघायच्या कापड गिरण्यांतल्या अडीच लाखांहून अधिक कामगार महिलांवर याचा अभ्यास झाला होता. ठरवून शिकवलेल्या स्वतपासणीने मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून तारीखवार करण्याचा ताण घेऊ नका. पण आंघोळीच्या वेळी हाताला वेगळं काही लागलं, एका बाजूचं बोंड आत ओढलं गेलं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसायला लागली, तर त्याच आठवड्यात दाखवा.

मी तंबाखू खात नाही, फक्त मशेरी लावते. तरी तोंड तपासायचं?

मशेरी म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूच, आजी. हे मी दर शिबिरात सांगते आणि दर शिबिरात कोणीतरी चकित होतं. दात घासायला म्हणून सकाळी, मग दुपारी जेवणानंतर, मग "लावल्याशिवाय साफ होत नाही" म्हणून तिसऱ्यांदा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण मशेरी घरच्या तव्यावर भाजली जाते, तिला बंदी कोण करणार? विदर्भातला खर्रा, इकडचा मावा, सगळं त्याच माळेतलं.

तोंडाची तपासणी सगळ्यात सोपी. टॉर्च, हातमोजा आणि दोन मिनिटं. गालाच्या आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखाली, हिरड्या, टाळू. पांढरा चट्टा, लाल मखमली चट्टा, न भरणारी जखम, घट्ट झालेला गाल बघतात. स्वतःची तीन बोटं जोडून, एकावर एक येतील अशी धरून तोंडात जातात का ते आत्ता वाचता वाचता बघा. जात नसतील तर दाखवून या.

आणि पुरुषांनो, भारतातल्या पुरुषांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर तोंडाचाच आहे. तरी शिबिराला बायकोला स्कूटरवर सोडायचं आणि आपण बाहेर पिंपळाखाली चुना मळत उभं राहायचं, हे चित्र काही बदलत नाही. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून झालेल्या अभ्यासात, तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांचं तोंड वेळोवेळी तपासल्याने तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले होते. स्कूटर लावा आणि आत या.

"संशयित" म्हणून नाव लागलं. म्हणजे झालाच ना?

नाही. हिंगोलीचं उदाहरण घ्या. २०२५ साली तिथे 'संजीवनी' अभियानात घरोघरी प्रश्नावली भरून घेतली, सुमारे २ लाख ९३ हजार महिलांची. त्यात साडेचौदा हजार जणींमध्ये कॅन्सरसदृश लक्षणं निघाली. जुलैत हा आकडा विधिमंडळात आला. माझ्या फोनवर तो पोचला तेव्हा त्यातला 'सदृश' गळून पडला होता, आणि दोन दिवस बायका मला हिंगोलीचं पाणी खराब आहे का म्हणून विचारत होत्या. त्याच उत्तरात तोवर पक्कं निदान झालेल्यांचा आकडाही होता: गर्भाशयमुखाच्या ३, स्तनाची १ आणि तोंडाच्या ८.

चाळणीचं कामच असं असतं. पहिली चाळण मुद्दाम बारीक ठेवतात म्हणजे कोणी निसटू नये. तिच्यात अडकलेल्या बहुतेकजणी पुढच्या चाळणीत सुटतात. पण पुढच्या चाळणीपर्यंत जायला मात्र लागतं.

पुढे पाठवलं म्हणून चिठ्ठी दिली. लगेच जायला हवं का? सुगीनंतर गेलं तर?

या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

तपासणीने कोणाचा जीव वाचत नाही. जीव वाचतो तो त्या चिठ्ठीवरच्या दवाखान्यात गेल्याने. मोठं शिबिर, मंडप, पाहुण्यांचे फोटो, बातमीत "पाचशे महिलांची तपासणी" असं सगळं होतं. त्यातल्या वीस जणींना चिठ्ठ्या दिल्या आणि त्यांपैकी किती पोचल्या, हे बातमीत नसतं. मी तेच मोजते.

एका गावात एका काकूंची चिठ्ठी मला आठ महिन्यांनी त्यांच्याच देव्हाऱ्यात, तुळजाभवानीच्या फोटोमागे सापडली. नीट घडी घालून, वर हळदीकुंकू. मला वाटलं, भीतीने गेल्या नसतील. तसं नव्हतं. त्या दोनदा गेल्या होत्या. पहिल्यांदा डॉक्टर रजेवर, दुसऱ्यांदा दुर्बिणीचं मशीन बंद. दोन दिवसांची मजुरी गेली, तिसऱ्यांदा कोण जाईल? म्हणून ती देवीकडे सोपवली. मग आशाताईंनी आधी फोन करून डॉक्टरांचा वार पक्का केला आणि स्वतः सोबत गेल्या. बिघाड निघाला, पण कॅन्सरच्या आधीचा. जाळण्याचा उपचार करून काकू संध्याकाळच्या एसटीने घरी आल्या.

तेव्हा चिठ्ठी घेताना तीन गोष्टी तिथेच विचारा: कुठल्या इमारतीत, कुठल्या वारी, आणि कोणाला भेटायचं. सिस्टरकडून त्या वाराची खात्री करून मगच निघा. सोबत कोणीतरी न्या. आणि सुगीनंतर नको, दोन आठवड्यांत जा.

आम्ही दिवाळीनंतर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातो. तपासणीची फेरी हिवाळ्यात येते.

खरं आहे, कॅलेंडर आखणाऱ्यांच्या हे लक्षातच येत नाही. टोळी निघण्याआधी, नवरात्राच्या सुमारास उपकेंद्रात जाऊन तपासून घ्या. आधीची चिठ्ठी असेल तर तिचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. गाव बदललं म्हणून सरकारी दवाखाना तुम्हाला परत पाठवू शकत नाही.

हे सगळं करून खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि त्याचा जगभर दिला जाणारा एक पुरावा आपल्या मराठवाड्यातला आहे. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ महिलांवर अभ्यास झाला. टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय त्यात होतं. काही गावांत एचपीव्ही चाचणी, काही गावांत पॅप, काही गावांत व्हिनेगर आणि काही गावांत नेहमीचीच सोय. निकाल २००९ साली आला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू निम्म्याच्या आसपास आले. एकदाच केलेल्या व्हिनेगर तपासणीने मात्र तिथे तसा ठळक फरक दिसला नाही. मुंबईच्या अभ्यासात व्हिनेगरची तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

यातून मी काढलेला अर्थ असा: व्हिनेगरने एकदा बघून "झालं बाई" म्हणू नका, पुढच्या फेरीलाही या. आणि सरकारने एचपीव्ही चाचणी गावात आणावी. जिथल्या बायकांच्या नमुन्यांवर जगाने ती स्वीकारली, तिथल्याच बायकांना ती सहज मिळू नये, हे मला पटत नाही. देशभरात ३० ते ४९ वयाच्या महिलांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात कधीही करून घेतलेल्या फक्त १.९ टक्के होत्या, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं.

एचपीव्ही निघाला म्हणजे नवऱ्याने बाहेर काही केलं का?

हाच तो हळू आवाजातला प्रश्न. त्यावरून काहीच ठरवता येत नाही. संबंध असलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना हा विषाणू आयुष्यात कधी ना कधी होतो आणि बहुतेकांचा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. काहींमध्ये तो वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. आज सापडला म्हणजे काल आला असं नाही. घरात भांडण काढण्याआधी डॉक्टरांची तारीख घ्या.

मुलीला लस दिली तर तिला तपासणी नको ना?

लस द्याच. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक २०२३ पासून बाजारात आहे. पण लस सगळ्या प्रकारच्या विषाणूंवर चालत नाही, म्हणून तिशीनंतर तपासणी राहतेच. आणि मुलीला लस दिली म्हणून आईची तपासणी माफ होत नाही.

तुकडा काढला की कॅन्सर पसरतो म्हणतात.

नाही पसरत. होतं असं की उशिरा आलेल्या माणसाचा तुकडा काढतात, तोवर आजार पुढे गेलेला असतो, आणि गाव दोष सुईला देतं. तुकडा तपासल्याशिवाय कुठला कॅन्सर, कुठलं औषध, हे कळतच नाही.

लॅबवाले पाच हजारांत रक्तावरून सगळे कॅन्सर सांगतो म्हणतात. ते बरं नाही का?

त्या पैशात दिवाळी करा. पॅकेजमधल्या ट्यूमर मार्करच्या, म्हणजे रक्तात कॅन्सरच्या खुणा शोधायच्या चाचण्या मुख्यतः आजार झालेल्यांवर लक्ष ठेवायला वापरतात. धडधाकट माणसात त्या उगाच वाढलेल्या दिसतात, आणि कॅन्सर असूनही नॉर्मल येतात. जास्त तपासलं म्हणजे जास्त बरं, असंही नाही. दक्षिण कोरियात हौसेने गळ्याची सोनोग्राफी करायची लाट आली. २०११ साली थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या पंधरा पट झालं, मृत्यू होते तेवढेच राहिले. हजारो लोकांची ग्रंथी काढली, जन्मभर गोळी लागली.

निघालाच तर खर्च कोण करणार?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत कॅन्सरचं ऑपरेशन, केमो आणि शेक (रेडिएशन) बसतात. २०२३ च्या निर्णयाने मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपये झाली आणि योजना राज्यातल्या सगळ्यांसाठी खुली केली. रेशनकार्ड आणि ओळखपत्र घेऊन योजनेतल्या रुग्णालयात जायचं आणि दाखल होण्याआधी आरोग्यमित्राच्या, म्हणजे तिथे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या टेबलावर जायचं. आधी रोख भरून नंतर योजनेत घाला म्हटलं की अडतं, म्हणून हा क्रम चुकवू नका. चौकशीला १५५३८८ किंवा १४५५५.

उपचाराला ये-जा करताना रेल्वेत कॅन्सर रुग्ण आणि एक सोबती यांना सवलत असते, स्लीपर आणि थ्री एसीत रुग्णाला पूर्ण. त्यासाठी ठरलेल्या नमुन्यातला डॉक्टरांचा दाखला लागतो. महिलांना एसटीत तसंही अर्धं तिकीट आहे.

चिठ्ठी हरवली. आता परत रांगेत?

नाही. उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये तुमचं नाव आणि तारीख असते, ऑनलाइनही नोंद असते. सिस्टरना सांगा, दुसरी लिहून देतील. आणि देव्हाऱ्यात एकदा बघा.